उचल फिटली नाही म्हणून मुकादमाला अटक होते का?

प्रश्न थोडक्यात असा. जत तालुक्यातल्या एका वाचकाचे थोरले बंधू ऊसतोडीचे मुकादम आहेत, म्हणजे तोडणी मजुरांची टोळी जमवून नेणारे. जुलै २०२३ मध्ये त्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ट्रॅक्टरमालकाकडून अकरा कोयत्यांसाठी, म्हणजे तोडणीच्या अकरा जोडप्यांसाठी, नऊ लाखांची उचल (कामापोटी आगाऊ रक्कम) घेतली. २०२३-२४ चा हंगाम टोळीने पुरा केला. पण उचल काही फिटली नाही. बाकी पुढे ओढली, वर आणखी अडीच लाख घेतले. २०२४-२५ ला पाचच कोयते गेले, तेही संक्रांतीनंतर फड सोडून गावाकडे आले. आता मालकाने फिर्याद दिली आहे आणि ठाण्यातून फोन येतोय, "उद्या हजर हो, नाहीतर उचलून आणू." वाचक विचारतात, वॉरंट नसताना असं उचलता येतं का? आणि इंग्रजी मालिकांत 'प्रोबेबल कॉज' म्हणतात, तसं काही आपल्याकडे आहे का?

मी सव्वीस वर्षं सांगलीत फौजदारी वकिली करतोय. दिवाळी झाली की माझ्याकडे मुकादम येतात नाहीतर ट्रॅक्टरमालक येतात. दोन्ही बाजूंची वकीलपत्रं मी घेतली आहेत आणि दोन्हीकडची माणसं रडताना पाहिली आहेत. जमीन गहाण टाकून ट्रॅक्टर घेतलेला, त्यात टोळीच आली नाही म्हणून बुडालेला मालक खोटा नसतो. त्यामुळे हे उत्तर कुणा एकाच्या बाजूचं नाही.

आधी 'प्रोबेबल कॉज'चं सांगतो. हा शब्द अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतला, १७९१ सालचा. १९६४ च्या बेक विरुद्ध ओहायो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला: अटकेच्या क्षणी पोलिसाजवळ असलेल्या, विश्वास ठेवण्याजोग्या माहितीवरून एखाद्या सुज्ञ माणसाला 'याने गुन्हा केलाय' असं वाटलं पाहिजे. आपल्या कायद्यात हा शब्द नाही. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ आहे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१. त्यात तीन गोष्टी येतात: वाजवी तक्रार, विश्वसनीय माहिती किंवा वाजवी संशय. इथवर दोन्ही कायदे एका वाटेने चालतात.

पुढे मात्र वाट फुटते, आणि ती तुमच्या भावाच्या कामाची आहे. २००१ साली ॲटवॉटर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सासमधल्या एका आईचं प्रकरण आलं. गाडीत सीटबेल्ट लावला नाही म्हणून तिला बेड्या घालून नेलं होतं, आणि त्या गुन्ह्याला शिक्षा होती फक्त दंडाची. न्यायालयाने बहुमताने सांगितलं, गुन्हा झाल्याचं सबळ कारण पोलिसाजवळ होतं, तेव्हा अटक घटनेला धरून आहे. आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. गुन्हा झाल्याचा वाजवी संशय हा पहिला उंबरठा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात दुसराही उंबरठा ओलांडावा लागतो: अटकेची गरज आहे का? नवा गुन्हा थांबवायला, नीट तपास करायला, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, साक्षीदारावर दबाव येऊ नये म्हणून किंवा माणूस कोर्टात हजर राहील याची खात्री नाही म्हणून. यापैकी काहीतरी असलं पाहिजे आणि ते लेखी नोंदवलं पाहिजे. अटक केली नाही तर का केली नाही, हेही लिहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या जोगिंदर कुमार निकालातच म्हटलं होतं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि तो वापरण्याचं समर्थन असणं वेगळं.

आता पहिल्या उंबरठ्याकडे येतो. माझ्या अनुभवात वकीलही इथे घाई करतात आणि थेट जामिनाचा अर्ज लिहायला घेतात.

'वाजवी संशय' कशाचा? भाऊ वाईट माणूस असल्याचा नव्हे, पैसे देणं लागतो याचाही नव्हे. एका ठरावीक गुन्ह्याचा. आणि प्रत्येक गुन्हा घटकांचा बनलेला असतो. चारातला एक घटक नसेल तर तो गुन्हाच उभा राहत नाही, मग उरलेले तीन कितीही ठसठशीत असोत. फसवणुकीचे घटक असे: आरोपीने समोरच्याला खोटं भासवलं, त्या भासवण्यामुळे समोरच्याने पैसे किंवा वस्तू दिली, आणि ते भासवताना, त्याच घडीला, आरोपीच्या मनात अप्रामाणिक हेतू होता. शेवटच्या घटकावर सगळं प्रकरण तोललेलं असतं. हेतू सुरुवातीपासून हवा. पैसे घेताना मन स्वच्छ होतं आणि पुढे जमलं नाही, तर तो करारभंग झाला. त्याला दिवाणी कोर्ट आहे. हृदय रंजन प्रसाद वर्मा निकालात, २००० साली, सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं.

पण हे सांगायला मला निकालापेक्षा मूळ कायदाच जास्त आवडतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४१५ खाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक निळीच्या पिकाचं आहे. एकजण दुसऱ्याला सांगतो, मी तुला इतकी नीळ देईन, आणि त्या भरवशावर आगाऊ पैसे घेतो. द्यायचा विचार मुळातच नसेल तर ती फसवणूक. घेताना द्यायचा विचार होता आणि नंतर करार मोडला, तर फसवणूक नाही, फक्त दिवाणी दावा. निळीच्या जागी ऊसतोड ठेवा आणि पुन्हा वाचा. उचलीचा व्यवहार यापेक्षा नेमका कुणी लिहिलेला मला माहीत नाही. मी नव्या ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात हेच उदाहरण मोठ्याने वाचायला लावतो.

हे जवळून दाखवतो. दोन मुकादम माझ्या आठवणीत शेजारी शेजारी उभे आहेत. पहिल्याने एकाच हंगामासाठी तीन मालकांशी नोटरी करार केले होते. तिन्ही करारांना मजुरांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स जोडलेल्या होत्या. मी मालकाच्या बाजूने होतो. तिन्ही गठ्ठे टेबलावर पसरले तर तीच सात जोडपी, तेच फोटो. एका झेरॉक्सवर कोपऱ्यात चहाचा डाग होता, तो डागसुद्धा तिन्हीकडे उमटलेला. एक माणूस एकाच वेळी तीन फडांत तोडू शकत नाही. पैसे घेतानाच खोटं होतं, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही. तिथे फसवणुकीचा वाजवी संशय पुरेपूर होता, आणि तो माणूस फोन बंद करून परराज्यात गेला होता म्हणून अटकेची गरजही होती. अटक योग्यच झाली.

दुसऱ्या मुकादमाची फिर्याद चार पानी होती. तिसऱ्या पानावर फिर्यादीनेच लिहिलं होतं, "सदर इसमाने पहिल्या हंगामात नऊ कोयते पुरवले व त्यांनी हंगाम पूर्ण केला." पोलिसांनी ते वाक्य लिहून घेतलं, पण त्याचं वजन त्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्याला पैसे घेऊन बुडवायचेच होते, तो नऊ जोडपी घेऊन पाच महिने उसात राबेल कशाला? त्या एका वाक्याने फिर्यादीच्या शब्दांतच हेतूचा घटक ढिला पडला. अशी फिर्याद जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा होत नाही, असं असेल तर ती रद्द होऊ शकते. १९९२ च्या भजनलाल निकालात अशी सात प्रकारची प्रकरणं उदाहरणादाखल दिली आहेत, त्यातला पहिला प्रकार हाच.

म्हणून तुमच्या भावाच्या प्रकरणात सगळा निकाल जुलै २०२३ मधल्या त्या दिवसावर आणि नंतरच्या अडीच लाखांच्या दिवसावर आहे. पहिला हंगाम पुरा झालाय, ही फार मोठी जमेची बाजू. नऊ लाखांपुरता सुरुवातीचा खोटा हेतू दाखवणं मला अवघड वाटतं. अडीच लाखांचं मात्र स्पष्ट बोलतो. ते घेताना टोळी फुटलेली होती का? सहा जोडप्यांनी आधीच नाही म्हटलं होतं आणि भावाने 'अकरा येतील' असं सांगून पैसे घेतले, तर तेवढ्या रकमेपुरता पोलिसांचा संशय वाजवी ठरू शकतो. हे भावाला घरात बसवून विचारा, आणि तुमच्या वकिलाला खरं ते सांगा.

एक बारकावा. जुलै २०२३ च्या व्यवहाराला जुनं कलम ४२० लागतं, कारण दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. अडीच लाख त्यानंतर घेतले असतील तर त्या भागाला नवं कलम ३१८(४). दोन्हीला सात वर्षांपर्यंत शिक्षा, दोन्ही दखलपात्र, दोन्ही अजामीनपात्र. दखलपात्र याचा अर्थ वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार पोलिसाला आहे. तेव्हा "वॉरंट कुठंय?" असं दारात भांडत बसू नका, त्याचा उपयोग नाही. फिर्यादीत बहुधा विश्वासघाताचं कलमही जोडलेलं असेल, जुनं ४०६ किंवा नवं ३१६(२). ती सवय झाली आहे. पण विश्वासघातात माल आधी विश्वासाने सोपवलेला असतो आणि मन नंतर फिरतं. फसवणुकीत मन आधीच खोटं असतं. एकाच व्यवहारात दोन्ही एकदम नांदू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात सांगितलं. पोलीस घटक न तपासता कलमं जोडतात याबद्दल त्या निकालात खेदही आहे.

मालकाकडे भावाचा सही केलेला कोरा चेक असेल, असतोच. तो वटला नाही तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. चेक वटला नाही एवढ्याच कारणावरून पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत.

घटकांचं महत्त्व फसवणुकीपुरतं नाही. मिरज पूर्व भागात बांधाच्या वादात एकाने ऊस तोडून नेला की दुसरा चोरीची फिर्याद देतो. उभा ऊस जमिनीचा भाग, तो तोडला की जंगम वस्तू होतो, आणि मग त्याची चोरी होऊ शकते, इथपर्यंत बरोबर. पण तोडणाऱ्याला तो गट आपलाच आहे असं प्रामाणिकपणे वाटत असेल, सातबाऱ्यावर नाव असेल, मोजणी अपुरी असेल, तर अप्रामाणिक हेतूचा घटक गळतो. १९६५ साली तळ्यातल्या माशांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. शिवाय आता पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, हे ठाण्यातही पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

आता दुसरा उंबरठा, अटकेची गरज. इथे तुमचा भाऊ काय करतो यावर सगळं आहे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची नाही. करायचीच झाली तर कारण लिहायचं. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई आणि न्यायालयाचा अवमान दोन्ही होऊ शकतात. यांत्रिकपणे कोठडी देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यालाही उच्च न्यायालयाला उत्तर द्यावं लागतं. आणि फोन म्हणजे नोटीस नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीसही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणातल्या आदेशात सांगितलं.

पण म्हणून फोन आला की घर सोडून पळायचं, ही सगळ्यात मोठी चूक. 'मिळून येत नाही' एवढा शेरा केस डायरीत पडला की पोलिसांना अटकेचं कारण भावानेच हातात दिल्यासारखं होतं. मी अशिलाला सांगतो, फोन आला त्याच दिवशी ठाण्याला लेखी कळवा: मी अमुक पत्त्यावर राहतो, तपासाला सहकार्य करायला तयार आहे, कलम ३५(३) प्रमाणे नोटीस द्यावी. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. नोटीस आली की ठरल्या वेळी जा, वकील सोबत घ्या, आणि आत जाऊन आल्याची पोच मागा.

तरीही अटक झालीच तर वेळ बघा. घड्याळात, आणि कागदावरसुद्धा. अटकेचा पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्ष आणि भावाची सही हवी. घरच्यांना कळवलं पाहिजे. १९९६ च्या डी. के. बसू निकालात हे सगळं आलं, नंतर ते कायद्यातच घेतलं गेलं. सांगलीकरांना याची गरज वेगळी सांगायला नको. २०१७ मध्ये इथे कोठडीत असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघड झालं. तेव्हापासून अटकेची नोंद हा माझ्यासाठी नुसता कागद राहिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाला सकाळी साडेनऊला फडातून उचललं. अटक फॉर्मवर वेळ होती संध्याकाळी ६.४०. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला कोर्टात आणलं, म्हणजे कागदावर कायद्याच्या चोवीस तासांच्या मुदतीत. त्याच्या बायकोला आठवलं की जीप वाटेत डिझेलला थांबली होती. आम्ही त्या पंपावर गेलो. मालकाने कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं: मागच्या बाकावर माझा अशील, अंगावर तोडणीचाच सदरा, कोपऱ्यात वेळ १०.१२. प्रवासाचा वेळ वजा करूनही चोवीस तास कधीच उलटून गेले होते. न्यायाधीशांनी तपासी अंमलदाराला विचारलं, "सकाळी हा तुमच्या जीपमध्ये कोण म्हणून बसला होता?" उत्तर आलं नाही. पोलीस कोठडी नाकारली गेली. 'चौकशीला आणलाय, अटक नाही' या बोलण्याला अर्थ नाही. माणूस उठून घरी जाऊ शकत नसेल, तर त्या क्षणापासून घड्याळ चालू.

अटकेची कारणंही लेखी मिळाली पाहिजेत, आणि ती नुसती कलमांची यादी नको. २०२४ च्या पुरकायस्थ निकालाने हा फरक केला: 'पुरावा नष्ट करू नये म्हणून' हे कुणालाही लागू पडणारं कारण, आणि 'तू अमुक दिवशी अमुक खोटं सांगून इतके पैसे घेतलेस' हा त्या माणसाविरुद्धचा आधार. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे लेखी आधार अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायचे, आणि लगेच देणं शक्य नसेल तरी रिमांडसाठी (कोठडी मागायला) न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायचे. तुमचा भाऊ मराठी वाचतो, तर कागद मराठीत हवा. तो हातात आला की पहिलं काम, घटक जुळवून बघायचे. त्या कागदात सुरुवातीच्या खोटेपणाबद्दल एक अक्षरही नसेल, फक्त 'पैसे परत केले नाहीत' एवढंच असेल, तर तेच रिमांडच्या वेळी न्यायाधीशांपुढे वाचून दाखवायचं.

अजून एक, कारण आपल्या भागात हे घडतं. पोलिसांआधी मालकाची माणसंच गाडी घेऊन दारात येतात आणि मुकादमाला शेतातल्या खोलीत बसवून ठेवतात. खासगी माणसाला अटकेचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा माणूस उद्घोषित गुन्हेगार असला तरच. आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. दोन वर्षांपूर्वीच्या उचलीसाठी कोंडून ठेवणं हा मालकाचाच गुन्हा होतो. असं झालं तर तासभरही न थांबता ११२ ला फोन करा.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली, ज्या जिल्ह्यात गुन्हा दाखल आहे तिथल्या सत्र न्यायालयात. फिर्याद रद्द करायची असेल तर उच्च न्यायालयात कलम ५२८. त्यासाठी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे आणि सांगली-सातारा दोन्ही त्याच्याकडे आहेत.

तोवर आज संध्याकाळी कपाट उघडा. दोन्ही करारपत्रं, पैसे ज्या खात्यात आले त्याचा उतारा, पहिल्या हंगामाच्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि तोडणी बिलाचा हिशोब, मजुरांना कुणाला किती वाटले त्याची भावाची वही, हे सगळं एका पिशवीत घाला. वहीत खाडाखोड असली तरी नवी वही लिहू नका, आहे तशी आणा. आणि जी सहा जोडपी दुसऱ्या वर्षी आली नाहीत, ती का आली नाहीत हे त्यांच्याकडून समजून घ्या: कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणी दुसऱ्याकडे उचल घेतली. कधी कळलं ती तारीख प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. अडीच लाखांच्या आधी कळलं की नंतर, हे त्याच तारखांवरून ठरणार आहे.